१९५२ मध्ये बंद झालेला ५०९ वा ग्रुप आज बी-२ कसा उडवतो?

प्रश्न असा आहे: हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबाँब टाकणारा ५०९ वा ग्रुप आणि आज अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातून बी-२ ही रडारला चुकवणारी बाँबर विमानं उडवणारा ५०९ वा ऑपरेशन्स ग्रुप एकच, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण हा ग्रुप १९५२ मध्ये बंद झाला, असंही वाचायला मिळतं. मग यातलं खरं काय? आणि अशा ग्रुपचा इतिहास वाचताना नेमकं कशाकडे पाहायचं?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ग्रुप १६ जून १९५२ रोजी निष्क्रिय झाला आणि १९९३ मध्ये ५०९ वा ऑपरेशन्स ग्रुप या नावाने पुन्हा सक्रिय झाला. अमेरिकी हवाई दलात निष्क्रिय होणं म्हणजे मोडीत निघणं नव्हे. माणसं, विमानं, तळ काढून घेतले जातात. क्रमांक, सन्मान आणि इतिहास मात्र हवाई दलाच्या नावावर जमा राहतो आणि पुढे कधीही त्या क्रमांकात माणसं भरता येतात. म्हणून कागदोपत्री हा तोच ग्रुप आहे. माणसांच्या आणि यंत्रांच्या दृष्टीने पाहिलं तर १९४५ चा ग्रुप वेगळा आणि आजचा वेगळा.

भारतीय वाचकाचा इथे आणखी एक गोंधळ होतो. आपल्या हवाई दलाची घडी ब्रिटिश वळणाची. त्या वळणात ग्रुप हा विंगपेक्षा मोठा असतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश आघाडीवरच्या २२१ व्या ग्रुपचा प्रमुख एअर व्हाइस मार्शल होता. अमेरिकेत क्रम उलटा आहे. वर विंग, तिच्याखाली ग्रुप, ग्रुपखाली स्क्वॉड्रन. ग्रुपचा प्रमुख कर्नल असतो, म्हणजे आपल्या ग्रुप कॅप्टनच्या तोडीचा. आज ऑपरेशन्स ग्रुपकडे फक्त उड्डाणाची बाजू असते: वैमानिक, मोहिमेचं नियोजन, प्रशिक्षण, हवामान आणि गुप्तवार्ता. देखभाल, पुरवठा, दवाखाना हे सगळं त्याच विंगच्या दुसऱ्या ग्रुपांकडे. १९४४ साली असं नव्हतं, आणि ५०९ व्याचा इतिहास समजायचा तर हा फरक सगळ्यांत आधी ध्यानात घ्यायला हवा.

एका शस्त्राभोवती उभा केलेला ग्रुप

सप्टेंबर १९४४ मध्ये लेफ्टनंट कर्नल पॉल टिबेट्स यांच्यावर अणुबाँब टाकणारं दल उभं करण्याची जबाबदारी आली. नवं स्क्वॉड्रन शून्यातून उभारायला वेळ नव्हता. म्हणून नेब्रास्कातल्या फेअरमाँट तळावर ५०४ व्या ग्रुपमध्ये तयार होत असलेलं ३९३ वं बाँबर स्क्वॉड्रन उचलून यूटा राज्यातल्या वेंडोव्हर तळावर आणलं गेलं. मिठाच्या सपाट मैदानांच्या कडेचा हा तळ इतका एकाकी होता की गुप्तता पाळणं सोपं जावं. १७ डिसेंबर १९४४ रोजी ५०९ वा कंपोझिट ग्रुप अधिकृतपणे सक्रिय झाला.

'कंपोझिट' असण्यामागे ठोस कारण होतं. तेव्हाच्या नेहमीच्या बी-२९ या चार इंजिनी बाँबर विमानांच्या ग्रुपमध्ये तीन-चार बाँबर स्क्वॉड्रनं असत आणि बाकीची मदत बाहेरून येई. ५०९ व्यात बाँबर स्क्वॉड्रन एकच, पण बाकी सगळं घरचं. ३२० व्या ट्रूप कॅरियर स्क्वॉड्रनची सी-४७ आणि सी-५४ वाहतूक विमानं होती, म्हणजे सुटे भाग किंवा शास्त्रज्ञ हलवायला दुसऱ्या कुणाकडे विमान मागायला नको आणि का हवं हे सांगायलाही नको. ३९० वा एअर सर्व्हिस ग्रुप होता, ज्याच्याकडे इंजिनदुरुस्ती आणि साहित्याचा साठा. स्वतःची लष्करी पोलिसांची कंपनी होती. मार्च १९४५ मध्ये पहिलं ऑर्डनन्स स्क्वॉड्रन जोडलं गेलं, ज्याचं काम बाँब जोडणं आणि हाताळणं. मंजूर संख्याबळ २२५ अधिकारी आणि १,५४२ सैनिक. पुढे प्रशांत महासागरातल्या टिनियन बेटावर विमानं गेली ती १५. इतक्या थोड्या विमानांमागे इतकी माणसं, हे प्रमाण पाहिलं की हा ग्रुप कशासाठी होता ते कळतं.

विमानं 'सिल्व्हरप्लेट' या सांकेतिक नावाने बदलून घेतलेली बी-२९ होती. या बदलांचं मूळ एका फसलेल्या बाँबमध्ये आहे. प्लुटोनियम वापरणारा 'थिन मॅन' हा तोफेच्या नळीसारखा बाँब सुमारे १७ फूट लांब होता आणि बी-२९ चा एक बाँब कक्ष जेमतेम १२ फुटांचा. म्हणून पहिल्या चाचणी विमानात पुढचा आणि मागचा कक्ष एकत्र करावा लागला. मार्च १९४४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मुरोक तळावरच्या चाचण्यांत बाँब धरणारी यंत्रणा नीट सुटेना. एकदा तर बाँब वेळेआधीच सुटून बंद दरवाज्यांवर आदळला आणि दरवाजे वाकले. ती यंत्रणा मुळात ग्लायडर ओढणाऱ्या दोरासाठी बनवलेली होती. अखेर ब्रिटिश लँकेस्टर बाँबरवरची, सगळं वजन एकाच आकड्यावर (हुकावर) पेलणारी यंत्रणा घेतली गेली. पुढे अणुभट्टीतून आलेल्या प्लुटोनियममध्ये आपोआप विखंडन पावणारा प्लुटोनियम-२४० जास्त निघाला, आणि जुलै १९४४ मध्ये थिन मॅन रद्द झाला. उरलेले दोन्ही नमुने, युरेनियमचा 'लिटल बॉय' आणि प्लुटोनियमचा 'फॅट मॅन', एका कक्षात मावणारे होते. जोडलेले कक्ष पुन्हा वेगळे झाले, पण एकाच आकड्याची ब्रिटिश यंत्रणा राहिली.

बाकीचे बदल वजन आणि वेळ वाचवण्यासाठी होते. शेपटीतली तोफ सोडून सगळे टरेट, म्हणजे तोफांचे फिरते मनोरे, काढले, चिलखत काढलं. मिळून विमान ३ टनांहून अधिक हलकं झालं. कार्बुरेटरऐवजी इंधन थेट फवारणारी राइट आर-३३५० इंजिनं बसवली, कारण या इंजिनाला वरच्या सिलिंडरांत तापून आग लागण्याची खोड होती. पंखे उलटी पाती फिरवता येणारे होते. त्यामुळे उतरल्यावर विमान लवकर थांबे आणि मागेही घेता येई. बाँब कक्षाचे दरवाजे हवेच्या दाबावर झटकन उघडणारे आणि मिटणारे. विमानात बाँबवर लक्ष ठेवणाऱ्या तंत्रज्ञासाठी वेगळं आसनही आलं.

सराव

सरावाचा गाभा होता निसटण्याचा. सुमारे ९,४०० मीटर उंचीवरून सोडलेला बाँब फुटेपर्यंत साधारण ४३ सेकंद मिळतात. विमान सरळ पुढे गेलं तर स्फोटाच्या धक्क्याच्या अगदी जवळ राहतं. म्हणून बाँब सुटताक्षणी सुमारे १५५ अंशांचं, खाली झुकत वेग वाढवत घेतलेलं वळण ठरलं. एवढ्या उंचीवर विरळ हवेत, चार टनांचं वजन नुकतंच सुटून विमान वर उसळलेलं असताना असं वळण घेताना विमान स्टॉल होण्याची, म्हणजे पंखांची उचल संपून खाली पडण्याची, भीती असते. म्हणून ते पुन्हा पुन्हा घटवून घेतलं गेलं. जानेवारी १९४५ मध्ये दहा विमानं क्यूबातल्या बातिस्ता तळावर पाठवली, ती पाण्यावरून लांब पल्ल्याच्या उड्डाणाच्या सरावासाठी. जमिनीवरच्या खुणा नसताना दिशादर्शकाने आकाश आणि रडारवर विसंबून नेमकं पोचायचं होतं.

टिनियन बेटाच्या नॉर्थ फील्ड तळावर ग्रुपची माणसं मे १९४५ अखेरीस उतरली आणि विमानं जूनमध्ये यायला लागली. जुलैपासून फॅट मॅनच्याच आकाराचे, आत साधं स्फोटक भरलेले 'पंपकिन' बाँब जपानवर टाकले गेले. १४ ऑगस्टपर्यंत असे ४९ बाँब पडले. त्यांचा पहिला हेतू नुकसान हा नव्हताच. एकट्या विमानाने उंचावर यायचं, नजरेने नेम धरायचा, एकच मोठा बाँब टाकून वळायचं, ही सगळी साखळी प्रत्यक्ष आकाशात तपासायची होती. शिवाय एक-दोन विमानं आली म्हणजे मोठा हल्ला नाही, अशी जपानी निरीक्षकांची सवयही त्यातून झाली. ज्यांच्यावर ते पडले, त्यांच्यासाठी ते खरेच बाँब होते, हे इथे सांगायलाच हवं.

अणुबाँब विमानात चढवणं हे वेगळंच काम होतं. फॅट मॅनचा व्यास दीड मीटर, लांबी सव्वातीन मीटर, वजन सुमारे ४,६७० किलो. बी-२९ च्या पोटाखाली तो ढकलून नेण्याइतकी जागाच नाही. त्यामुळे टिनियनवर काँक्रीटचे खड्डे बांधले होते. गाडा रुळांवरून खड्ड्यावर आणायचा, हायड्रॉलिक लिफ्टने बाँब किंचित उचलायचा, गाडा आणि रूळ काढून घ्यायचे, बाँब ९० अंशांत फिरवून खड्ड्यात उतरवायचा. मग विमान मागे घेत खड्ड्यावर आणायचं. इथे विमानाच्या आकड्यातून ओळंबा सोडून नेमका मध्य जुळवावा लागे, कारण थोडं जरी तिरकं झालं तरी बाँब उचलताना कक्षाच्या कडांना घासे. त्यानंतरच लिफ्ट हळूहळू वर.

६ ऑगस्ट

लिटल बॉयचा बहुतेक भाग 'इंडियानापोलिस' युद्धनौकेने २६ जुलैला टिनियनवर उतरवला. चार दिवसांनी ती नौका जपानी पाणबुडीने बुडवली. युरेनियमचे उरलेले तुकडे सी-५४ विमानांनी आले.

मोठा धोका होता तो उड्डाणाचाच. हा बाँब तोफेसारखा होता: एका टोकाला स्फोटक, त्याने युरेनियमचा एक भाग नळीतून दुसऱ्यावर आदळायचा. विमान धावपट्टीवर कोसळून आग लागली आणि ते स्फोटक पेटलं, तर टिनियनवरच अणुस्फोट होण्याची शक्यता होती. जास्त वजनाची बी-२९ नॉर्थ फील्डवर कोसळून जळताना मोहिमेत शस्त्राची जबाबदारी असलेले नौदलाचे कॅप्टन विल्यम पार्सन्स यांनी पाहिली होती. म्हणून त्यांनी ठरवलं की स्फोटकाच्या चार पिशव्या विमान हवेत गेल्यावर भरायच्या. आदल्या दुपारी त्यांनी तापलेल्या बाँब कक्षात अडचणीत वाकून हे काम पुन्हा पुन्हा करून हात बसवला.

टिबेट्स यांचं 'एनोला गे' टिनियनच्या वेळेनुसार पहाटे २:४५ ला उडालं. पार्सन्स यांनी पिशव्या भरल्या. नंतर त्यांचे मदतनीस मॉरिस जेपसन यांनी हिरवे सुरक्षा प्लग काढून लाल प्लग बसवले आणि बाँब जिवंत झाला. पुढे गेलेल्या हवामान विमानाने हिरोशिमावर आकाश मोकळं असल्याचं कळवलं. सोबत 'ग्रेट आर्टिस्ट' मोजमापाची उपकरणं घेऊन आणि आणखी एक विमान कॅमेरे घेऊन होतं. जपानी वेळेनुसार ८:१५ ला बाँबार्डियर, म्हणजे नेम धरून बाँब सोडणारे, थॉमस फेरेबी यांनी आइओई पुलावर नेम धरून बाँब सोडला. तो सुमारे ५८० मीटर उंचीवर फुटला. स्फोटाचा धक्का पोचला तेव्हा विमान १८ किलोमीटरच्या आसपास दूर होतं. १९४५ संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० माणसं मेली, असा तिथल्या शहराचा अंदाज आहे, बहुतेक नागरिक.

ग्रुपच्या दृष्टीने ही मोहीम आखल्याबरहुकूम झाली. तीन दिवसांनंतरची मात्र जवळजवळ प्रत्येक सांध्यावर अडली, आणि हवाई मोहीम कुठे अडते हे शिकायचं तर तीच तपशिलात पाहायला हवी.

९ ऑगस्ट: प्रत्येक सांधा कसा ढिला झाला

दुसऱ्या, म्हणजे फॅट मॅनच्या, मोहिमेची मूळ तारीख ११ ऑगस्ट होती. हवामान बिघडणार म्हणून ती दोन दिवस अलीकडे आली आणि जोडणी घाईत झाली. बाँब जोडताना रात्री उशिरा लक्षात आलं की फायरिंग युनिटकडे जाणारी केबल उलटी बसली आहे आणि दोन्ही टोकांना सारखेच सॉकेट समोरासमोर आले आहेत. नियमाने सगळं उलगडून पुन्हा जोडायला हवं होतं. तेवढा वेळ नव्हता. तंत्रज्ञाने स्फोटकाने भरलेल्या कवचाशेजारी तापती कावी घेऊन जोड सोडवला आणि पुन्हा टाकला. ज्या खोलीत उष्णतेला बंदी, तिथे.

या मोहिमेचे वैमानिक चार्ल्स स्वीनी यांच्या स्वतःच्या 'ग्रेट आर्टिस्ट'मध्ये अजून मोजमापाची उपकरणं होती. ती हलवण्यापेक्षा माणसांनी विमानं बदलली आणि स्वीनी 'बॉक्सकार'मध्ये बसले. उड्डाणाआधी फ्लाइट इंजिनिअरला कळलं की मागच्या बाँब कक्षातल्या जादा टाक्यांतून इंधन ओढणारा पंप चालत नाही. त्या टाक्यांत सुमारे २,४०० लिटर इंधन होतं. त्या टाक्या पुढच्या कक्षातल्या बाँबचा भार तोलण्यासाठीही होत्या. पंप बदलायला काही तास लागले असते आणि जिवंत बाँब दुसऱ्या विमानात हलवणं त्याहून धोक्याचं. फॅट मॅनमध्ये लिटल बॉयसारखी हवेत भरण्याची सोय नव्हती. तो पूर्ण जोडलेलाच उडवावा लागे. शेवटी न वापरता येणारं इंधन ओझं म्हणून घेऊन विमान निघालं.

याकुशिमा बेटावर तिन्ही विमानांनी भेटायचं होतं, १५ मिनिटांहून जास्त थांबायचं नव्हतं. कॅमेऱ्याचं विमान ठरलेल्या उंचीपेक्षा कितीतरी वर घिरट्या घालत राहिलं. स्वीनी सुमारे ४० मिनिटं वाट पाहत थांबले. मुख्य लक्ष्य होतं कोकुरा शहर. पोचेपर्यंत शहरावर ढग आणि धूर होता. शेजारच्या यावातावर आदल्या दिवशी बाँबहल्ला झाला होता. आदेश स्पष्ट होता: रडारवर नाही, डोळ्यांनी नेम दिसला तरच टाकायचा. तीन फेऱ्या झाल्या, दिसलं नाही. कोकुरा वाचलं ते केवळ यामुळे.

नागासाकीवरही ढग होते. एवढ्या इंधनात एकच फेरी शक्य होती. शस्त्राची जबाबदारी असलेले फ्रेडरिक अ‍ॅशवर्थ यांनी रडारवर यायला मान्यता दिली, आणि शेवटच्या क्षणी बाँबार्डियर कर्मिट बीहान यांना ढगांत फट दिसली. ११:०२ ला बाँब उराकामी खोऱ्यावर, ठरलेल्या बिंदूपासून सुमारे ३ किलोमीटरवर, ५०० मीटर उंचीवर फुटला. डोंगरांनी शहराचा काही भाग आडोशाला राहिला. तरीही वर्षअखेरपर्यंत ७०,००० च्या आसपास लोक मेले. बॉक्सकार टिनियनला पोचू शकत नव्हतं. ते ओकिनावाच्या योंतान तळावर उतरलं तेव्हा इंधन संपून इंजिनं बंद पडायला लागली होती.

एक पंप, एक चुकलेली उंची, एक धुराचा पट्टा. कोणतंही एक कारण मोहीम बुडवायला पुरेसं नव्हतं. पंप बिघडल्याने वेळेची मोकळीक गेली, भेटीत ती आणखी गेली, कोकुरावर उरलीसुरली गेली. अपघात तपासणारे आजही याच क्रमाने पाहतात: बिघाड कोणता यापेक्षा, त्या बिघाडाने पुढच्या टप्प्याची किती मोकळीक खाल्ली.

ग्रुप का नाहीसा झाला

नोव्हेंबर १९४५ मध्ये ग्रुप न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला आला. मार्च १९४६ मध्ये तो लांब पल्ल्याच्या बाँबर विमानांसाठी काढलेल्या नव्या स्ट्रॅटेजिक एअर कमांडमध्ये गेला, आणि जुलैमध्ये 'कंपोझिट' जाऊन तो ५०९ वा बाँबार्डमेंट ग्रुप झाला. १ जुलै १९४६ रोजी बिकिनी बेटाजवळच्या अणुचाचणीत त्याच्या 'डेव्ह्ज ड्रीम' विमानाने बाँब टाकला, आणि सरावलेल्या दलाकडून तो लक्ष्यनौका 'नेवाडा'पासून सुमारे ६५० मीटर दूर पडला. कारण पक्कं ठरलं नाही. बाँबच्या शेपटीवर संशय होता. रॉसवेलच्या तथाकथित उडत्या तबकडीचं पत्रक जुलै १९४७ मध्ये याच तळावरून निघालं. ते अवशेष हेरगिरीच्या फुग्यांच्या एका गुप्त प्रकल्पाचे होते, असं हवाई दलाने १९९४ मध्ये सांगितलं. ग्रुपच्या इतिहासात याला याहून जास्त जागा नाही.

महत्त्वाची गोष्ट वेगळीच घडत होती. युद्धापर्यंत तळाचा प्रमुख आणि उडणाऱ्या ग्रुपचा प्रमुख यांच्यात अधिकाराचा झगडा होई. कधी विमानाचा अनुभव नसलेला तळप्रमुख ग्रुपला आदेश देई. यावर उपाय म्हणून १९४७ मध्ये प्रत्येक तळावर विंग आली आणि तिच्याखाली लढाऊ ग्रुप, देखभाल, तळव्यवस्था, दवाखाना असे ग्रुप बसवले. ५०९ वी बाँबार्डमेंट विंग १७ नोव्हेंबर १९४७ ला उभी राहिली. जुलै १९४८ मध्ये ५०९ वं एअर रिफ्युएलिंग स्क्वॉड्रन सुरू झालं, हवेत इंधन भरणाऱ्या पहिल्या दोन अमेरिकी स्क्वॉड्रनांपैकी एक. बी-२ च्या ४४ तासांच्या उड्डाणाची मुळं इथे आहेत.

पण मग विंगचं मुख्यालय थेट स्क्वॉड्रनांना आदेश देऊ लागलं, तर मधला ग्रुप कशाला? फेब्रुवारी १९५१ मध्ये स्क्वॉड्रनं विंगला जोडली गेली, ग्रुप नावापुरता उरला आणि १६ जून १९५२ ला निष्क्रिय झाला. प्रश्नातल्या चाळीस वर्षांचं उत्तर हे आहे. ३९३ वं स्क्वॉड्रन या काळात विंगखाली उडतच होतं: बी-५०, १९५५ पासून बी-४७, १९५८ पासून न्यू हॅम्पशायरमधल्या पीस तळावर, १९६६ पासून बी-५२, मग एफबी-१११. १९९० मध्ये विंग माणसं आणि विमानांशिवाय, केवळ क्रमांक म्हणून, मिसूरीच्या व्हाइटमन तळावर हलवली गेली. त्यानंतर हवाई दलाने विंगखाली ऑपरेशन्स ग्रुपाची पद्धत पुन्हा आणली, आणि १९९३ मध्ये जुना ग्रुप नव्या नावाने उभा राहिला. पहिलं बी-२, 'स्पिरिट ऑफ मिसूरी', १७ डिसेंबर १९९३ ला आलं, म्हणजे ग्रुपच्या स्थापनेच्या ४९ व्या वाढदिवशी.

बी-२ चा ग्रुप

बी-२ एकूण २१ बनली. पंखांचा पसारा ५२ मीटर, वैमानिक दोन, शस्त्रांचा भार सुमारे १८ टन. प्रत्येक विमानाला तापमान आणि आर्द्रता सांभाळणारं स्वतंत्र हँगर लागतं, कारण रडारची लाट शोषणारं त्याचं आवरण हीच त्याची खरी ताकद आणि खरी डोकेदुखी. एखादं झाकण उघडून आतलं काम केलं की त्याच्या फटी टेप आणि लुकणाने पुन्हा भराव्या लागतात, ते ठरलेल्या तापमानात ठरलेला वेळ सुकू द्यावं लागतं आणि मग तपासावं लागतं. आतला भाग बदलायला लागणाऱ्या वेळापेक्षा बाहेरचं आवरण पूर्ववत करायला जास्त वेळ जातो. उडायला तयार विमानांची संख्या नेहमी थोडी का, याचं पहिलं उत्तर हेच.

पहिली लढाई कोसोव्होची. २४ मार्च १९९९ ला दोन बी-२ मिसूरीहून निघून, प्रत्येकी १६ जेडॅम बाँब टाकून, सुमारे ३१ तासांनी परतली. उपग्रहाच्या मदतीने दिलेल्या अक्षांश-रेखांशावर जाणाऱ्या जेडॅमचाही हा पहिलाच युद्धवापर. त्या संघर्षात बी-२ नी ४५ फेऱ्यांत ६५० हून अधिक जेडॅम टाकले.

याच मोहिमेत ७ मे ला पाच बाँब बेलग्रेडमधल्या चिनी वकिलातीवर पडले आणि तीन माणसं मेली. बाँब चुकले नाहीत. जिथे पाठवले तिथेच गेले. युगोस्लाव्ह लष्करी पुरवठा खात्याची इमारत म्हणून दिलेले अक्षांश-रेखांश चुकीचे होते. ते सीआयएकडून आले होते, जवळपासच्या पत्त्यांवरून नकाशावर अंदाजाने काढलेले. आणि वकिलातीची नवी जागा लक्ष्यांच्या माहितीसाठ्यात नोंदलेलीच नव्हती. कोकुरावर माणसाला लक्ष्य दिसेना म्हणून बाँब पडला नाही. जेडॅमला लक्ष्य दिसावं लागत नाही, त्यामुळे कॉकपिटमधली ती शेवटची तपासणी उरत नाही. ती जमिनीवर, लक्ष्याच्या फायलीतच करावी लागते. हा फरक मला या ग्रुपच्या इतिहासात फार मोठा वाटतो.

ऑक्टोबर २००१ मध्ये 'स्पिरिट ऑफ अमेरिका' मिसूरीहून अफगाणिस्तानवर गेलं आणि ४४ तासांहून जास्त वेळाने हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावर उतरलं. इंजिनं बंद न करता दुसरे वैमानिक चढले आणि विमान सुमारे ३० तासांनी घरी पोचलं. इंजिनं ७० तासांहून अधिक अखंड चालली. दोन माणसांनी एवढा वेळ कसा काढायचा हे उड्डाणाआधीच झोपेच्या वेळापत्रकापासून ठरतं. उड्डाण, हवेत इंधन भरणं, लक्ष्याचा प्रदेश आणि उतरणं या वेळी दोघंही आसनावर. मधल्या वेळात आळीपाळीने मागच्या खाटेवर.

ग्वाम, २३ फेब्रुवारी २००८

प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावरच्या अँडरसन तळावर 'स्पिरिट ऑफ कॅन्सस' हे बी-२ उडतानाच कोसळलं. बी-२ ला वेग आणि नाकाचा कोन कळतो तो अंगावरच्या बारीक छिद्रांमागे बसवलेल्या २४ दाबसंवेदकांवरून. ग्वामच्या दमट हवेत त्यातल्या तिघांत पाणी शिरलं होतं. ते पाणी असतानाच त्यांचं अंशांकन (कॅलिब्रेशन) झालं. उड्डाणाआधी संवेदकांची हीटर चालू झाली, पाणी उडून गेलं, आणि दुरुस्ती म्हणून दिलेला आकडाच आता चूक ठरला. संगणकाला वेग खऱ्यापेक्षा १२ नॉटने जास्त वाटला, म्हणून विमान कमी वेगात उचललं गेलं. नाक खाली आहे असंही त्याला वाटलं, म्हणून त्याने आपणहून नाक ३० अंशांपर्यंत वर फेकलं. विमान स्टॉल होऊन डाव्या पंखावर कलंडलं. दोघंही वैमानिक बाहेर फेकले जाऊन वाचले, सुमारे १.४ अब्ज डॉलरचं विमान जळून गेलं.

उपाय ठाऊक होता, हे जास्त लागतं. आधीच्या एका मुक्कामात काही तंत्रज्ञांच्या लक्षात आलं होतं की अंशांकनाआधी हीटर चालवून संवेदक सुकवले तर आकडे नीट येतात. ते तोंडी फिरलं, देखभालीच्या अधिकृत पुस्तिकेत गेलं नाही, आणि २००८ च्या तुकडीपर्यंत पोचलं नाही. २००२ पासून विमानांची देखभाल ऑपरेशन्स ग्रुपकडून काढून वेगळ्या मेंटेनन्स ग्रुपकडे गेली आहे. त्यामुळे वैमानिकाला कळलेलं तंत्रज्ञापर्यंत आणि एका तुकडीचं दुसरीपर्यंत लेखी पोचवणं आणखी गरजेचं झालं. १९४४ च्या ग्रुपमध्ये ही माणसं एकाच प्रमुखाखाली, एकाच तळावर होती.

मार्च २०११ मध्ये तीन बी-२ नी लिबियाच्या एका तळावरचे ४५ पक्के विमाननिवारे ४५ बाँबांनी फोडले. २२ जून २०२५ ला सात बी-२ नी सुमारे ३७ तासांच्या फेरीत इराणच्या फोर्दो आणि नतान्झ इथे जमिनीत खोल घुसणारे १४ जीबीयू-५७ बाँब टाकले, प्रत्येकी १३.६ टनांचे, एका विमानात फक्त दोन. अपघातांनंतर ताफ्यात आता १९ विमानं उरली आहेत; पुढे व्हाइटमनवर नवी बी-२१ बाँबर विमानं येणार आहेत.

आता वाचताना काय पाहायचं. युनिटची वंशावळ हातात आली की चार गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत लिहाव्यात: केव्हा सक्रिय आणि केव्हा निष्क्रिय; कोणाच्या मालकीचं आणि कोणाला नुसतं जोडलेलं; कोणता तळ; कोणतं विमान. 'जोडलेलं' आणि 'मालकीचं' यांत गल्लत झाली की १९५१-५२ चा घोळ होतो. विंग आणि ग्रुप वेगळे ठेवावेत. विंगला सारख्याच क्रमांकाच्या ग्रुपचे युद्धसन्मान वापरायला दिलेले असतात, म्हणून विंगच्या माहितीत १९४५ दिसतं, पण विंग जन्मली १९४७ मध्ये. ५०९ व्याबाबत तीन चुका वारंवार दिसतात. नागासाकीवर बाँब टाकणारं विमान 'ग्रेट आर्टिस्ट' होतं, ही चूक तेव्हाच्या बातम्यांपासून चालत आली. विमानांची अदलाबदल बातमीपर्यंत पोचली नव्हती. क्लॉड इथर्ली यांनी हिरोशिमावर बाँब टाकला, असं लिहिलेलं आढळतं. ते हवामान विमानाचे वैमानिक होते. आणि १९४९ मध्ये न उतरता जगप्रदक्षिणा करणारं 'लकी लेडी २' हे ५०९ व्याचं नव्हे, ४३ व्या ग्रुपचं होतं.